व्हयकाय मामांचा संशय

गोव्याच्या वाटेवरच्या, कर्नाटकातल्या रामनगरच्या व्हयकाय मामांना कुणी सकाळी सांगितलं, की आज चांगलं ऊन पडलंय, तर ते आधी "व्हय काय?" म्हणत, मग हातातला स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून दुकानाबाहेर येत आणि वर बघून खात्री करून घेत. कानडी गिऱ्हाईक असलं तर "हौदा?", कोकणी असलं तर "व्हय मरे?". माणूस तीन भाषांत संशय घ्यायचा आणि तिन्हींत सूर एकच असायचा. धाकट्या बहिणीला मुलगा झाल्याचा निरोप घेऊन हल्याळहून माणूस आला, तेव्हा त्यालाही त्यांनी हेच विचारलं होतं, आणि स्वतः जाऊन बाळ बघून आल्यावरच गल्लीत पेढे वाटले होते. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं म्हणतात. ती पाटी दोन पावसांत धुऊन निघाली आणि पुढे त्या नावाची कुणाला गरजही पडली नाही.

बसस्टँडच्या बाजूला त्यांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. गिऱ्हाईक सांगे त्या बिघाडावर मामांचा काडीचा विश्वास नसे. "आपोआप बंद पडला" असं कुणी म्हणालं, की ते त्या माणसाकडे चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "रेडिओ खोटं बोलत न्हाई, रेडिओवाला बोलतोय." मग मागचं झाकण उघडलं, की आत एखादं झुरळ, नाहीतर सांडलेल्या चहाचा डाग निघायचाच. गिऱ्हाईक खाली मान घालून निघून जायचं, पण दुरुस्तीला पुन्हा तिथंच यायचं.

हा संशय त्यांच्यात कुठून आला याची एक गोष्ट सांगितली जाते. त्यांचं मूळ गाव सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पाणी आपल्या आंब्यापर्यंत काही येत नाही, असं त्यांच्या वडिलांना गावातल्याच कुणीतरी सांगितलं होतं, वडिलांनी ते खरं मानलं आणि घरातली भांडीसुद्धा धड बाहेर काढता आली नाहीत. गोष्ट पटण्यासारखी आहे. म्हणूनच मला ती पुरती पटत नाही. त्यांची बहीण सांगायची, की हा पाळण्यात होता तेव्हापासून दुधाचा वास घेतल्याशिवाय पीत नसे.

आता आमचं. माझ्या वडिलांचं किराणा दुकान, मूळचे आम्ही खानापूरकडचे. इनास हा माझा कॉलेजातला मित्र, कॅसलरॉकचा, त्याचे वडील रेल्वेत रुळांची निगा राखणारे गँगमन. इनासचा मामा वास्कोहून बोटीवर जायचा आणि परत येताना भाच्यासाठी परदेशी कॅसेटी आणायचा. इनास त्या कॅसेटी आधी रेल्वेने आणि मग जीपने, शर्टाच्या आत लपवून, रामनगरला माझ्याकडे घेऊन यायचा. लपवायची काही गरज नव्हती. पण कव्हरवरची चित्रं बघितली तर घरच्यांना संशय येईल असं आम्हाला वाटायचं, आणि तसं वाटण्यात मजा होती.

नव्वदच्या दशकातली ती गाणी, आणि ती गाणारी पोरं दूर कुठल्याशा पावसाळी शहरातली. आमच्या पावसाळ्यासारखाच तिथंही म्हणे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. हे कळल्यावर ती आम्हाला लांबच्या नात्यातली वाटायला लागली. त्यांची नावं आम्हाला धड उच्चारता येत नव्हती, त्यामुळे आम्ही कॅसेटी कव्हरवरून ओळखायचो: ओल्या मांजराची, पिवळ्या खुर्चीची, दात नसलेल्या म्हाताऱ्याची. त्या पोरांसारखं दिसावं म्हणून वडिलांचे जुने चौकड्यांचे शर्ट बनियनवर उघडे घालून हिंडायचो. मी जीनची पँट गुडघ्यावर ब्लेडने फाडली, तर आईने दुसऱ्या दिवशी आतून ठिगळ लावून इतकी सुबक शिवून ठेवली, की मला रडू यायचं बाकी राहिलं. इनासचे केस खांद्याला टेकले तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला हाताला धरून न्हाव्याकडे नेलं.

आमच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून ओल्या मांजराची कॅसेट आम्ही व्हयकाय मामांच्या दुकानात नेली. त्यांनी ती आधी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, नखाने टिचकी मारली, मग लावली. गिटार सुरू झाली, आणि तिचा तो फाटलेला, घोगरा, करवतीसारखा आवाज बाहेर येताच मामांनी झडप घालून टेप बंद केली. त्यांना वाटलं मशीन गेलं. हेड स्पिरिटने पुसलं, रबराचा रोलर पुसला, हेडचा स्क्रू पाव फेरा इकडे पाव फेरा तिकडे केला, स्पीकर बदलला, वायर बदलली. आवाज तेवढाच फाटका. कॅसेट ठेवून जा म्हणाले. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर मामांनी दाढी केलेली नव्हती. त्यांनी निकाल दिला, की दोष मशीनमध्ये नाही, टेपमध्येही नाही, म्हणजे तो गाणाऱ्यातच आहे.

आम्ही म्हणालो, ते मुद्दाम तसं वाजवतात.

"व्हय काय?" मामा म्हणाले. "चांगली मशीन आसताना मुद्दाम फाटका आवाज काडायचा? कशापायी?"

इनास म्हणाला, "मामा, तुम्हाला राग आला की तुमचा गळा फाटतो की नाय? तसंच."

मामांनी इनासकडे चष्म्यावरून बघितलं. मग कॅसेट पहिल्यापासून लावली आणि हात बांधून बसून ऐकली, अर्धवट डोळे मिटून, एखाद्या संशयिताचा जबाब घ्यावा तशी. त्या दिवसापासून त्यांनी त्या गाण्यांना नाव ठेवलं, रागाची गाणी. "आज रागाची कुठली आणलीस?" असं ते विचारू लागले. आवडतात असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

पिवळ्या खुर्चीच्या कॅसेटच्या वेळी तर त्यांनी आम्हाला कायमचं जिंकलं. शेवटचं गाणं संपलं, खरखर सुरू झाली, आणि मी बटण दाबायला हात पुढे केला. मामांनी माझं मनगट धरलं. कॅसेटच्या खिडकीत बोट ठेवून म्हणाले, "हितं आजून येवडी टेप शिल्लक हाय. फुकट टेप कोन देतंय?" आम्ही म्हणालो, संपलंय, कव्हरवर दहा गाणी लिहिलीयेत, दहा झाली. कव्हरवर लिहिलेलं खरं मानायचं ही सूचनाच त्यांना अपमानास्पद वाटली असावी. आम्ही तिघं नुसती खरखर ऐकत बसलो. बाहेर दांडेलीची बस लागली, भरली, गेली. आणि मग, कुठेही न लिहिलेलं, अकरावं गाणं सुरू झालं. एक गिटार, एक आवाज, काही फाटलेलं नाही. तो माणूस घरात एकटा बसून गात असावा इतकं हळू. इनासच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. मामा उठून कामाला लागले होते.

हे मी कुणाला सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. गणेशगुडीला आता माझं छोटं लॉज आहे, राफ्टिंगला येणाऱ्या पोरांसाठी. त्यांच्यातल्या एखाद्याच्या टी-शर्टवर त्या पिवळ्या खुर्चीवाल्या बँडचं नाव असतं. मी सहज विचारतो, यांचं कुठलं गाणं आवडतं, तर पोरगा टी-शर्टकडे असा बघतो जणू तो आत्ताच अंगावर कुणी चढवला. कधी ते मोबाईलवर तो अल्बम लावतातही. त्यात अकरावं गाणं अकरावं म्हणूनच लिहिलेलं असतं, आणि मधली खरखर काढून टाकलेली असते. शोधायला काही ठेवलेलंच नाही. हा बदल कुणाच्या सोयीसाठी केलाय याबद्दल माझ्या मनात संशय आहे, पण तो असो.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही स्वतःची कॅसेट केली. इनासच्या हातात पाच तारांची गिटार, माझ्याकडे रॉकेलचा रिकामा डबा, आणि सहा गाणी. थोडी कोकणी, थोडी मराठी, एक कानडी, आणि इंग्लिश जिथं शब्द सुचले नाहीत तिथं. मामांनी दुकान अर्धं बंद करून ती रेकॉर्ड केली. कानाला हेडफोन लावून ते आमच्यावर नजर ठेवून होते. मध्येच थांबवत आणि विचारत, कोण खोकलं. कुणी खोकलं नव्हतं. तरी पुन्हा करायला लावत, आणि दुसऱ्यांदा खरोखरच बरं व्हायचं. कॉपी मात्र काढून दिली नाही. कॉपी केली की ती गोव्याच्या बाजारात दुसऱ्याच्या नावाने विकायला येणार, अशी त्यांची खात्री. म्हणून ती एकच कॅसेट, आणि ती मामांच्या कपाटात. त्या कपाटात पावसाळाभर झिरोचा बल्ब जळत असे, कारण आमच्याकडच्या ओलीत टेपेवर पांढरी बुरशी धरते आणि आवाज खाऊन टाकते.

त्याच पावसाळ्यात इनासला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. बावीस वर्षांचाही नव्हता. मला ते खरंच वाटेना, आणि पुढे कितीतरी दिवस मी जीप आली की उठून बाहेर बघत असे.

महिन्याभराने मी मामांच्या दुकानात गेलो. आमची कॅसेट द्या म्हणालो. इनासचा आवाज त्या एका कॅसेटीतच होता, दुसरीकडे कुठेही नव्हता. मामांनी डोकं वर न करता सांगितलं, "ती न्हाई." मी विचारलं, नाही म्हणजे काय. "न्हाई म्हंजे हितं न्हाई." मी कपाट उघडलं. बल्ब जळत होता, आमची जागा रिकामी होती. टेबलावर तशाच कंपनीची एक कॅसेट पडली होती, तिच्यावर ताज्या शाईने कुठल्याशा भजनी मंडळाचं नाव. मला वाटलं, सगळं कळलं. कोरी कॅसेट नव्हती, गिऱ्हाईक घाईत होतं, आणि मेलेल्या पोराची सहा गाणी कुणाला हवीत.

"तुम्ही पुसलीत ती," मी म्हणालो. "तिच्यावर भजनं घेतलीत."

ज्या माणसाने उन्हालासुद्धा "व्हय काय?" विचारलं होतं, तो त्या दिवशी मला काहीच बोलला नाही. चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा घातला. मी तो कबुलीजबाब धरला. संशय घ्यायला त्यांनीच शिकवलं होतं आणि मी तो पहिल्यांदा त्यांच्यावरच घेतला.

त्यानंतर मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही. आधी बेळगावला नोकरी केली, मग गणेशगुडीला आलो. रामनगरला जाणं व्हायचं, पण स्टँडवर मी पलीकडच्या बाजूने चालायचो. लॉजवरचा टीव्ही बिघडला तर दांडेलीला पाठवायचो. मामांच्या बातम्या कानावर यायच्या. टेपरेकॉर्डर गेले, मग ते मोबाईलचे चार्जर दुरुस्त करायला लागले. मोबाईलमध्ये गाणी असतात हे त्यांना कुणी सांगितलं, तर टेप दाखव म्हणाले. लोक हसून सांगायचे आणि मी हसायचो नाही. माझ्या मनात ते अजून भजनवाले होते.

दोनेक वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, ते मला स्टँडवर समोरासमोर भेटले. फार वाळले होते. खांद्याला कापडी पिशवी, तीतून स्क्रू ड्रायव्हरची मूठ डोकावत होती. कॅसलरॉकच्या जीपची वाट बघत होते. "बरं हाईस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि माझ्या बसमध्ये चढलो. बसमध्ये बसून विचार करत राहिलो, की हा म्हातारा कॅसलरॉकला कशाला चाललाय. जुन्या कॅसेटींना शहरात पुन्हा मागणी आलीये असं मी ऐकलं होतं. कुणाच्या तरी घरातल्या उचलायला चालला असणार. असं मी खरोखर मनात म्हणालो, आज लिहितानाही लाज वाटते.

गेल्या भाद्रपदात ते वारले. कळलं तेव्हा मी लॉजच्या छपराचे पत्रे बदलून घेत होतो. काम थांबवलं नाही.

या जानेवारीत काही पाहुण्यांना घेऊन कॅसलरॉकला गेलो होतो. ते जंगलात फिरायला गेले आणि मी स्टेशनच्या बाकावर बसलो. तिथं इनासची माय दिसली. ऐंशीच्या घरात आली असेल, पण ओळखलं तिने. घरी चल म्हणाली. चहा ठेवला, आणि दुधाचं पातेलं उतरवता उतरवता सहज म्हणाली, "तो व्हयकाय यंदा आला नाय रे पुता. दर साल दिवाळी झाली की येतो. तुला काय ठावं?"

मला कळेना, तिचा आणि मामांचा संबंध काय. मी सांगितलं, की ते गेले. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं.

इनास गेल्यावर पंधराएक दिवसांनी ती एकटी रामनगरला गेली होती. माझ्या पोराचा आवाज तुझ्याकडे आहे म्हणतात, तो मला दे, एवढंच म्हणाली. मामांनी तिला काही विचारलं नाही. तू कोण, खरंच आई कशावरून, काही नाही. उठून कपाट उघडलं आणि कॅसेट दिली. सोबत दुकानातला एक छोटा टेपरेकॉर्डर दिला. इनासच्या वडिलांना त्याचं नावसुद्धा सहन होत नव्हतं. त्यांनी गिटार रुळांपलीकडे दरीत टाकली होती. कॅसेट दिसली असती तर तीही गेली असती. म्हणून तिने मामांना मेरीमातेची आण घातली, की हे कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही, कारण तिच्या लेखी मी अजून पोरच होतो, कॅसेट मागत आलो असतो. वडील लाइनवर कामाला गेले की ती दार लावून ऐकायची.

आणि दर वर्षी पाऊस सरला, की वडील घरी नसतील असा दिवस धरून मामा जीपने यायचे. कॅसेटचे पाचही स्क्रू काढून, मऊ फडक्यात धरून, सगळी टेप वीतवीत पुसायचे. बुरशी काढून पुन्हा गुंडाळायचे. दोन तास लागत. मग दोघं मिळून एकदा ऐकत. मामा जेवून परत जात. पंचवीसहून जास्त वर्षं, एकही साल न चुकता.

"इनासचो बाप गेला तेव्हा मी व्हयकायला म्हटलं," ती म्हणाली, "आता आण सुटली, सांग त्या पोराला. तर म्हणाला, त्येनं इचारलं की सांगतो. तू विचारलं नाय?"

मी विचारलं नव्हतं. मामांचा प्रत्येक संशय हा प्रश्न असायचा, आणि प्रश्न विचारून ते उत्तराला थांबायचे, प्रसंगी बाहेर येऊन आभाळाकडे बघायचे. मी प्रश्न न विचारता निकाल दिला आणि त्यावर सगळं तारुण्य काढलं. माझ्या तोंडावर त्या दिवशी त्यांना खरं सांगता आलं असतं. एका बाईला दिलेल्या शब्दासाठी त्यांनी ते सांगितलं नाही. इतका भला माणूस मला भेटला होता आणि मी रस्त्याच्या पलीकडून चालत राहिलो.

मायने ट्रंकेतून फडकं काढलं, फडक्यातून कॅसेट काढली आणि माझ्या हातात दिली. खिडकीतून टेप दिसत होती. गेल्या पावसाळ्याची बुरशी तिच्यावर बसली होती, कडेकडेने, मिठासारखी. लावली तर आवाज घोगरा येतो म्हणाली, म्हणून तिने लावायचं थांबवलं आहे.

"तो म्हणायचा, ह्ये टेप पुसायचं काम मी त्या पोराला शिकवणार हाय, त्येची बोटं चांगली हायत," माय म्हणाली. "शिकवलं ना तुला?"

मी म्हणालो, नाही. मी गेलोच नाही त्यांच्याकडे.

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्या हातातून कॅसेट काढून घेतली, पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. "मग कसा देऊ तुझ्या हातात? तुटली तर?" म्हणाली. "आधी शिक. मग ये." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला माझा भरवसा वाटला नाही, एवढंच, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

तेव्हापासून मी हुबळीच्या जुन्या बाजारातून बुरशी धरलेल्या कॅसेटी आणतो आणि लॉजच्या व्हरांड्यात बसून उघडतो. दाखवायला कुणी नाही. मोबाईलवर कुणी कुणी माणसं हे कसं करायचं ते सांगतात, पण प्रत्येकजण वेगळंच सांगतो आणि मला कुणाचंच खरं वाटत नाही. पाहुणे पोरं फोटो काढतात. आतापर्यंत अकरा टेपा माझ्या बोटांत तुटल्या. पावसाला अजून तीन महिने आहेत, आणि माय वाट बघते आहे. आज सकाळी बाराव्या कॅसेटचा पहिला स्क्रू काढला.